महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या हायब्रिड गाडीची बॅटरी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बहुतेक मोठ्या सोसायट्यांच्या बेसमेंटमध्ये अशी एखादी गाडी असतेच, कव्हर टाकलेली, कव्हरवर बोटभर धूळ, मालक मुलीकडे अमेरिकेला सहा महिने गेलेले किंवा मुलगा ऑनसाइट आणि इकडे आईबाबांना ती ऑटोमॅटिक गाडी चालवायची सवय नाही. परत आल्यावर बटण दाबलं की गाडी गप्प, आणि लगेच कोणीतरी सांगतं की हायब्रिड बॅटरी संपली, आता लाखांचा खर्च. हे ऐकून लोक खरंच झोपत नाहीत, आणि बऱ्याच वेळा दोष वेगळ्याच ठिकाणी असतो. म्हणून जे प्रश्न परत परत येतात त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. यातलं बरंचसं इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटारा, सिटी हायब्रिड, कॅमरी, जुनी प्रियस अशा स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे मोठी बॅटरी असलेल्या आणि काही वेळ नुसत्या मोटरवरही पळणाऱ्या, गाड्यांना लागू होतं. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

प्र. सहा महिन्यांनी आलो, गाडी पूर्ण मेलेली आहे. रिमोट चालत नाही, डॅशबोर्ड काळा. हायब्रिड बॅटरी गेली का?

यावरून तसं अजिबात म्हणता येत नाही. डॅशबोर्डच पेटत नाही, लॉक उघडत नाही, आतला दिवा लागत नाही, ही सगळी १२ व्होल्टच्या लहान बॅटरीची लक्षणं आहेत. हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, हाय व्होल्टेज, जी गाडी पळवते आणि इंजिनसुद्धा तीच फिरवते. दुसरी साधी १२ व्होल्टची, जिच्यावर सगळे कॉम्प्युटर, लॉक, दिवे, हॉर्न चालतात. गाडी बंद केली की मोठी बॅटरी रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, बाकी गाडीपासून पूर्ण तोडली जाते, आणि तो रिले परत जोडायचं काम १२ व्होल्टवर होतं. म्हणजे लहान बॅटरी उतरली की मोठी कितीही भरलेली असो, तिच्यापर्यंत गाडी पोचूच शकत नाही. त्यामुळे उभ्या राहिलेल्या हायब्रिडमध्ये पहिलं काम एकच, लहान बॅटरीचं व्होल्टेज मोजा. ते होईपर्यंत मोठ्या बॅटरीबद्दल कोणाचंही मत ऐकू नका, कुठलं एस्टिमेट घेऊ नका, आणि टोइंगवाल्यालाही बोलवू नका.

प्र. पण गाडी बंद होती, लाइटही बंद होते. मग लहान बॅटरी उतरली कशी?

बंद गाडी पूर्ण झोपत नाही. स्मार्ट की जवळ आहे का हे गाडी ऐकत असते, सिक्युरिटी अलार्म जागा असतो, घड्याळ चालू असतं, कनेक्टेड गाडी असेल तर मोबाइल अॅपसाठीचं मॉड्यूलही अधूनमधून जागं होतं. सगळं मिळून ३० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला साधारण २१-२२ अँपिअर-अवर जातात, आणि हायब्रिडची लहान बॅटरी बऱ्याचदा ३५ ते ४५ अँपिअर-अवरचीच असते कारण तिला स्टार्टर फिरवायचा नसतो. आता हिशोब तुम्हीच करा, नवी बॅटरी असली तरी महिन्यात निम्मी आणि दोन महिन्यांत तळाला. तीन-चार वर्षं जुनी असेल तर त्याच्या आधीच.

यात भर म्हणजे डॅशकॅम पार्किंग मोडवर ठेवलेला, बाहेरून बसवलेला जीपीएस, किंवा चावी घरात गाडीच्या भिंतीला लागून असलेल्या टेबलावर. रो-हाऊस आणि बंगलेवाल्यांकडे हे शेवटचं फार दिसतं, चावी इतकी जवळ की गाडी परत परत जागी होत राहते. चावी गाडीपासून लांब ठेवा, एवढंच.

प्र. व्होल्टेज मोजायचं म्हणजे काय काय करायचं? घरी जमेल का?

जमेल, १२ व्होल्टच्या बाजूला हात लावायला हरकत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. डीसी व्होल्टवर ठेवा, लाल प्लसला, काळा मायनसला. गाडी बंद असताना आणि काही तास काही चालू केलेलं नसताना १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली आली की गाडी विचित्र वागायला लागते, आणि ११ च्याही खाली बरेच दिवस राहिलेली लेड-अॅसिड बॅटरी चार्ज करूनसुद्धा पहिल्यासारखी होत नाही, प्लेटांवर सल्फेट बसतं.

ब्रेक दाबून पॉवर बटण दाबलं की स्क्रीनवर रेडी येतं, म्हणजे गाडी चालायला तयार. अशी रेडी मोडला आली की परत मोजा. तेव्हा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं, कारण हायब्रिडमध्ये अल्टरनेटर नसतो, डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून लहानीला चार्ज करतो. रेडी असूनही १२.३ वगैरेच दिसत असेल तर लहान बॅटरी बदलून काही होणार नाही, कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज बघावा लागेल, आणि ते काम हायब्रिड दुरुस्त करता येणाऱ्या माणसाचं.

प्र. बोनेट उघडलं पण लहान बॅटरी दिसतच नाही.

मॉडेलप्रमाणे जागा बदलते. जुन्या प्रियसमध्ये ती मागे डिकीत उजव्या बाजूला असते, बऱ्याच गाड्यांत बोनेटखालीच असते. जिथे मागे असते तिथे जंप द्यायला, म्हणजे केबल लावून दुसऱ्या बॅटरीची वीज द्यायला, बोनेटखाली फ्यूज बॉक्समध्ये लाल झाकणाचा एक प्लस टर्मिनल दिलेला असतो, डिकी उघडायची गरजच पडत नाही. आणि दारच उघडत नसेल तर स्मार्ट कीच्या पोटात एक छोटी लोखंडी चावी असते, बाजूचं बटण सरकवून ती बाहेर काढा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. काही गाड्यांत दाराच्या हँडलवरचं छोटं झाकण काढल्यावर भोक दिसतं. बऱ्याच जणांना ही चावी आहे हेच माहीत नसतं आणि काच फोडायच्या गोष्टी सुरू होतात.

प्र. जंप कशी द्यायची? हायब्रिडला जंप दिली तर काही जळेल का?

नीट दिली तर काही होत नाही. उलटी दिली तर होतं, आणि खूप महाग होतं, म्हणून लाल-काळं दोनदा बघूनच जोडा. आधी लाल केबल उतरलेल्या गाडीच्या प्लसला, लाल केबलचं दुसरं टोक चालू गाडीच्या प्लसला, मग काळी चालू गाडीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनजवळच्या रंग नसलेल्या लोखंडाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या अर्थ पॉइंटला. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग ब्रेक पूर्ण दाबून पॉवर बटण. रेडी आलं की केबल उलट्या क्रमाने काढा.

हायब्रिडला जंप द्यायला मोठी गाडी लागत नाही, फक्त कॉम्प्युटर जागे करायचे आणि रिले ओढायचा असतो, त्याला मोजकेच अँपिअर पुरतात. हातात मावणारा पोर्टेबल जंप स्टार्टरसुद्धा चालतो, बेसमेंटमध्ये स्टॅक पार्किंग असेल आणि दुसरी गाडी जवळ आणताच येत नसेल तर तोच उपाय. ट्रकच्या गॅरेजमधला २४ व्होल्टचा बूस्टर मात्र चुकूनही लावू देऊ नका, "एक झटका देतो साहेब, होऊन जाईल" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

आणि नारिंगी रंगाच्या जाड केबल्सना कशालाही हात लावायचा नाही, जंप त्यांना द्यायची नसते. त्यात २०० व्होल्टच्या आसपास डीसी असते आणि काही गाड्यांच्या इन्व्हर्टरमध्ये (मोटरसाठी डीसीची एसी करणारा भाग) तीच वाढून ६५० पर्यंत जाते.

प्र. जंपने रेडी आलं. आता लगेच बंद करून जेवायला जाऊ का?

नको. पी (पार्किंग) गिअरमध्ये, रेडी ठेवून, निदान तासभर राहू द्या, किंवा चाकं आणि ब्रेक ठीक असतील तर एक चक्कर मारून या. एन (न्यूट्रल) मध्ये ठेवू नका, टोयोटाच्या हायब्रिड एन मध्ये मोठी बॅटरी चार्ज करत नाहीत. आणि एक महत्त्वाचं, रेडी आहे म्हणजे इंजिन केव्हाही स्वतःहून चालू होणार. बंद शटरच्या गॅरेजमध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या बेसमेंटच्या कोपऱ्यात असं करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी उघड्यावर आणा, आत कोणी झोपून राहू नये, लहान मुलं तर नकोच.

तासाभरात पूर्ण उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही हेही लक्षात ठेवा. घरी चांगला स्मार्ट चार्जर असेल तर ४-५ अँपिअरच्या आत ठेवून रात्रभर लावलेला बरा, बॅटरी एजीएम (अॅसिड आतल्या काचेच्या जाळीत शोषून ठेवलेली सीलबंद लेड-अॅसिड) असेल तर चार्जरवर एजीएम सेटिंग. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा, १२.४ च्या खाली घसरलेली असेल तर ती बॅटरी बदलायची वेळ झाली.

प्र. गाडी चालू झाली पण डॅशबोर्डवर सगळे लाइट पेटलेत, ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग, "चेक हायब्रिड सिस्टिम". आता?

घाबरू नका. व्होल्टेज कमी असताना गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलू शकत नाहीत आणि प्रत्येक जण तक्रार नोंदवून ठेवतो. त्यातल्या बऱ्याच तक्रारी खोट्या असतात, म्हणजे तो पार्ट खराब नसतो, फक्त त्या क्षणी त्याला वीज मिळाली नव्हती. क्रम असा ठेवा: लहान बॅटरी पूर्ण चार्ज किंवा नवी, मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे नंबर, म्हणजे कोड, वाचणारं यंत्र) लावून सगळे कोड लिहून घ्या किंवा फोटो काढा, मग कोड क्लिअर, मग गाडी थोडी चालवा, आणि मग जो कोड परत येईल तोच खरा धरा.

साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर बऱ्याच वेळा हायब्रिडचे आतले कोड दाखवत नाही, त्यासाठी हायब्रिडचा डेटा वाचणारं अॅप किंवा चांगला स्कॅनर लागतो. परत आलेला कोड जर पी०ए८० असेल तर गाडी म्हणते आहे की मोठ्या बॅटरीचा पॅक बदला. पी०एए६ म्हणजे हाय व्होल्टेज कुठेतरी बॉडीला लीक होतंय, इन्सुलेशनचा प्रश्न, हा आला तर गाडी चालवूच नका. पी०ए०डी म्हणजे सेफ्टी इंटरलॉक, एखादं कव्हर किंवा सर्व्हिस प्लग (काढला की मोठ्या बॅटरीचं सर्किट तुटतं तो प्लग) नीट बसलेला नाही. पी०ए०एफ म्हणजे इंजिन चालू झालं नाही, आणि याबद्दल खाली पेट्रोलच्या प्रश्नात वाचा. पी३००० टोयोटात बॅटरी कंट्रोलचा सर्वसाधारण कोड आहे, त्याच्यामागे आतला उपकोड बघितल्याशिवाय काही अर्थ लागत नाही. नुसता "हायब्रिडचा कोड आलाय" एवढंच कोणी सांगत असेल तर नंबर मागा.

प्र. लहान बॅटरी नवी टाकली, तरी रेडी येत नाही किंवा येऊन लगेच जातं. म्हणजे मोठी खरंच गेली?

आता मोठीकडे बघायला हरकत नाही. तरी "गेली" आणि "उतरली" यात फरक करा.

मोठी बॅटरी दोन प्रकारची असते. प्रियस, जुनी कॅमरी, इनोव्हा हायक्रॉस यांत निकेल मेटल हायड्राइड. हायरायडर, ग्रँड व्हिटारा, सिटी हायब्रिड यांत लिथियम आयन. निकेलवाली नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते, आणि पार्किंग जितकं तापतं तितकी लवकर. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी आणि बेसमेंटमधली गाडी यांत म्हणूनच बराच फरक पडतो. लिथियम त्या मानाने चार्ज जास्त टिकवते. गाडीचा कॉम्प्युटर पॅक कधीच पूर्ण भरू देत नाही की पूर्ण उतरू देत नाही, टोयोटात ढोबळ ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये खेळवत ठेवतो, त्यामुळे दोन-तीन महिने उभी राहिली तरी सहसा इंजिन फिरवण्यापुरता जीव उरतो. पण तुम्ही गाडी लावतानाच स्क्रीनवर बॅटरीच्या दोनच काड्या होत्या आणि मग वर्षभर पडून राहिली, तर ती खालच्या मर्यादेच्याही खाली जाते आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी रेडी नाकारते.

निकेल पॅक नुसता उतरलेला असेल तर तो परत उठण्याची चांगली शक्यता असते. प्रियसचं उदाहरण घ्या, २८ मॉड्यूल, प्रत्येकात ६ सेल, मिळून १६८ सेल आणि २०१.६ व्होल्ट. हाय व्होल्टेज पॅकचा खास चार्जर असतो, तो मंद करंटने सगळा पॅक वर आणतो, फॅन चालू ठेवून, काही तास. नंतर स्कॅनरवर १४ ब्लॉकचं (दोन मॉड्यूलांचा एक ब्लॉक) व्होल्टेज बघायचं, गाडीवर लोड टाकून. सगळे साधारण बरोबर खाली-वर होत असतील तर पॅक ठीक. तेरा एकसारखे आणि एकच लोड आला की व्होल्टभर किंवा जास्त कोसळतो, तर त्या ब्लॉकमधलं मॉड्यूल खराब आहे. खूप दिवस खोल उतरलेल्या पॅकमध्ये कमजोर सेल उलटा चार्ज होतो आणि तो मग परत येत नाही.

लिथियमचं तसं करू नका. लिथियम सेल ठराविक व्होल्टेजच्या खाली गेला की आत तांबं विरघळायला लागतं, आणि अशा सेलला जबरदस्तीने चार्ज केलं तर आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते. कंट्रोलरने चार्ज नाकारला असेल तर त्याला कारण आहे, त्याला बायपास करून देतो म्हणणाऱ्या माणसाच्या हातात गाडी देऊ नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरच.

प्र. गॅरेजवाल्याने न बघताच सांगितलं पूर्ण पॅक बदला. विश्वास ठेवू का?

चार गोष्टी मागा. लहान बॅटरीचं व्होल्टेज किती होतं, कोड कोणते होते, क्लिअर केल्यावर कोणते परत आले, आणि प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज लोडखाली किती होतं. हे कागदावर किंवा स्क्रीनशॉटमध्ये देता येत असेल तर तो माणूस नीट काम करतोय. देता येत नसेल तर दुसरीकडे दाखवा. माझं स्पष्ट मत आहे की या चार आकड्यांशिवाय कोणीही पॅकसाठी अॅडव्हान्स देऊ नये, मग शोरूम कितीही चकाचक असो. विशेषतः घरात फक्त आजी-आजोबा असतात आणि मुलगा परदेशातून फोनवर "करून टाका" म्हणतो तेव्हा हे आकडे त्याने व्हॉट्सअॅपवर मागवावेत.

आणि त्याआधी वॉरंटी बघा. हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटारा, सिटी हायब्रिड यांच्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी आहे. कमी चाललेली गाडी म्हणजे किलोमीटर शिल्लकच असणार, तारीख तपासा. बाहेर कोणी पॅक उघडला की हा हक्क अडचणीत येतो, म्हणून वॉरंटीतली गाडी बाहेर उघडू देऊ नका. सर्व्हिस चुकलेल्या असतील तरी जाऊन विचारा, आपणच आधी नाही धरून बसू नका.

प्र. व्हिडिओ बघून पॅक घरीच उघडू का? नुसते मॉड्यूल तर बदलायचेत.

नका. २०० व्होल्ट डीसी माणसाला मारायला पुरेशी आहे. ज्यांना हे काम येतं ते सुद्धा आधी गाडी बंद करतात, १२ व्होल्टचा मायनस काढतात, सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवतात, निदान दहा मिनिटं थांबतात म्हणजे इन्व्हर्टरचे कपॅसिटर उतरतात, हजार व्होल्टचे रबरी ग्लोव्ह्ज घालतात, अंगठी-घड्याळ-साखळी काढतात, आणि मग मीटरने शून्य आहे हे बघूनच हात घालतात. सर्व्हिस प्लग काढला तरी पॅकच्या आत मॉड्यूलांमध्ये व्होल्टेज असतंच. घरात हे सगळं होणार नाही.

प्र. उंदरांचं काय? आमच्या पार्किंगमध्ये फार आहेत.

हा प्रश्न पुण्यात बॅटरीइतकाच मोठा आहे. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण हायब्रिडमध्ये अजून एक जागा आहे, मोठ्या बॅटरीच्या कूलिंग फॅनची नळी. एअर-कूल्ड पॅकला केबिनमधली हवा लागते, म्हणून मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली जाळी असते. तिथे धूळ, कुत्र्याचे केस, कागदाचे कपटे, कधी पूर्ण घरटं सापडतं. जाळी बंद झाली की पॅक तापतो, गाडी ताकद कमी करते आणि बॅटरीचं आयुष्य खरंच घटतं. रेडी करण्याआधी टॉर्च घेऊन ती जाळी बघा, फिल्टर असेल तर काढून साफ करा, आणि त्या जाळीवर पिशव्या, चादरी, गणपतीच्या डेकोरेशनचं सामान ठेवायची सवय असेल तर ती मोडा.

बोनेटखाली कुरतडलेली नारिंगी वायर दिसली तर गाडी चालू करायचा प्रयत्नसुद्धा नको. फोटो काढा, सर्व्हिस सेंटरला पाठवा.

प्र. पावसात बेसमेंटमध्ये पाणी आलं होतं. आता कोरडं आहे, चालू करून बघू?

नाही. सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याच्या पुरात आणि जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलं. पाणी गाडीच्या तळापर्यंत पोचलं असेल किंवा तशी शंका जरी असेल तरी बटण दाबू नका, जंप देऊ नका. बाहेरून कोरडी दिसणारी गाडी आत पॅकच्या कनेक्टरवर ओलावा आणि गाळ धरून असते. इन्शुरन्स कंपनीला आधी कळवा, पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे त्याचे फोटो काढा, आणि फ्लॅटबेडवर (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) गाडी जाऊ द्या.

पाणी आलं नसेल, नुसती दमट हवा असेल, तर जुन्या निकेल पॅकमध्ये मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो आणि त्यामुळेही ब्लॉकचं व्होल्टेज चुकीचं दिसतं. पॅक उघडणाऱ्या तज्ज्ञाला हे आधी साफ करून मग परत मोजायला सांगा.

प्र. धक्का मारून चालू होईल का? नाहीतर टो करून नेऊ?

धक्क्याने होत नाही. क्लच नाही, हाताने टाकायचा गिअर नाही, इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवरच्या मोटरचं आहे. चार पोरं गोळा करून काही उपयोग नाही.

टो करताना पुढची चाकं रस्त्यावर फिरत ठेवून ओढू देऊ नका, या गाड्यांत पुढची चाकं मोटरला कायम जोडलेली असतात, चाक फिरलं की मोटर वीज बनवते आणि गिअरबॉक्सला तेल मिळत नाही. फ्लॅटबेडच मागा. बेसमेंटमध्ये फ्लॅटबेड येणार नाही, रॅम्पची उंची कमी असते, त्यामुळे गाडी वरपर्यंत स्वतःच्या चाकांवर यायला हवी, आणि बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर तो सुटायलाही १२ व्होल्ट लागतात. म्हणजे परत तेच, आधी लहान बॅटरी.

प्र. पेट्रोल वर्षभर जुनं आहे. त्याचा बॅटरीशी काय संबंध?

फार जवळचा आहे आणि याकडे कोणी बघत नाही. आता आपल्याकडे पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पेट्रोलचा हलका भाग उडून जातो. असं पेट्रोल नीट पेटत नाही. साध्या गाडीत तुम्हाला स्टार्टरचा आवाज येतो, कळतं की इंजिन पकडत नाहीये. हायब्रिडमध्ये मोटर शांतपणे इंजिन फिरवत राहते, प्रत्येक प्रयत्नात मोठ्या बॅटरीतला उरलेला चार्ज खाते, आणि चार-पाच वेळा झालं की खरंच बॅटरी तळाला. मग सगळे म्हणतात बॅटरी गेली, खरं कारण टाकीत. पी०ए०एफ आला तर थांबा, परत परत बटण दाबू नका. टाकी जवळपास रिकामी असेल तर आधी ताजं पेट्रोल घाला, पाच-दहा लिटर तरी. खूप जुनं असेल तर मेकॅनिककडून काढून घ्या.

प्र. माझ्या अर्टिगावर स्मार्ट हायब्रिड लिहिलंय. हे सगळं लागू होतं का?

नाही. ती माइल्ड हायब्रिड, तिच्यात २०० व्होल्टचा पॅक नसतो. साधी १२ व्होल्टची बॅटरी आणि काही पेट्रोल मॉडेलांत सोबत पुढच्या सीटखाली १२ व्होल्टचीच छोटी लिथियम. लेड-अॅसिड उतरली की नेहमीसारखी जंप द्या, सीटखालच्या लिथियमला केबल लावू नका.

प्र. नवी लहान बॅटरी कुठलीही टाकली तर चालते ना?

बॅटरी केबिनमध्ये किंवा डिकीत असेल तर चालत नाही. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे एजीएम आणि गॅस बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेलीच बॅटरी दिलेली असते. कोपऱ्यावरचा बॅटरीवाला स्वस्तातली साधी बसवून देतो, नळी लोंबकळत राहते, आणि तुम्ही त्याच हवेत काचा लावून एसीत बसता. साइज, टर्मिनलची बाजू आणि नळी, तिन्ही जुळायला हवं. बोनेटखाली असेल तर एवढी अडचण नाही, पण मॅन्युअलमधला प्रकार बघून घ्या.

बॅटरी बदलल्यावर काचा ऑटो खाली-वर होत नसतील तर घाबरू नका, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरलं की बहुतेक गाड्यांत सेटिंग परत येतं.

प्र. पुढच्या वेळी सहा महिने जायचंय. काय करून जाऊ?

सगळ्यात चांगलं, कोणीतरी ओळखीचा माणूस दर आठ-पंधरा दिवसांनी गाडी खरंच चालवेल असं बघा. बाणेरहून पाषाण, विद्यापीठ आणि परत, एवढं पुरतं. ते शक्य नसेल तर उघड्या हवेत पी मध्ये तासभर रेडी. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये मोठ्या बॅटरीसाठी काही महिन्यांतून एकदा निदान ३० मिनिटं किंवा १६ किलोमीटर चालवा असं सांगितलेलं असतं, म्हणजे मोठीला तेवढं चालतं, वारंवार लागतं ते लहानीसाठी.

कोणीच नसेल तर जायच्या दिवशी थोडी चालवून स्क्रीनवर बॅटरीच्या काड्या निम्म्याच्या वर असताना गाडी लावा, टाकी बऱ्यापैकी भरा, डॅशकॅम काढा, आणि लहान बॅटरीचा मायनस १० नंबरच्या पान्याने काढून टर्मिनलला कापड गुंडाळा. त्याआधी चावीच्या पोटातली लोखंडी चावी कुठे आहे ते बघून ठेवा, आणि डिकी इलेक्ट्रिक असेल व बॅटरी मागे असेल तर आल्यावर आत कसं शिरणार याचा विचार आधी करा. प्लग पॉइंट जवळ असेल तर मायनस काढण्यापेक्षा मेंटेनर चार्जर (महिनोन्महिने लावून ठेवायचा छोटा चार्जर) लावून जाणं बरं. सपाट जागा असेल तर पार्किंग ब्रेक न ओढता पी आणि चाकाला वीट, पावसाळ्यात ब्रेक चिकटत नाहीत.

प्र. वॉचमन काका रोज दहा मिनिटं चालू करून ठेवतात. बरंय ना?

त्यांचा हेतू चांगला असतो पण बहुतेक वेळा ते ब्रेक न दाबता बटण दाबतात. मग डॅशबोर्ड पेटतो, गाणी लागतात, पंखा लागतो, पण रेडी येत नाही. हे सगळं लहान बॅटरीवर चालतं आणि ती चार्ज अजिबात होत नाही, म्हणजे रोज दहा मिनिटं बॅटरी उतरवायचं काम चालू. त्यांना स्क्रीनवरचा रेडी हा शब्द किंवा हिरवा दिवा दाखवून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो देऊन ठेवा. रेडी आणूनही दहा मिनिटं कमीच आहेत, इंजिन गरम व्हायच्या आत बंद झालं की सायलेन्सरमध्ये पाणी राहतं. रोज दहा मिनिटांपेक्षा पंधरवड्यातून एकदा तास चांगला.

प्र. सगळं ठीक झालं. पहिली फेरी कुठे मारू?

घराजवळ, सपाट रस्त्यावर, सकाळी गर्दी नसताना. टायरची हवा आधी. ब्रेक डिस्कवर गंज असतो, पहिले काही ब्रेक खरखरतात, हळू करून घासून काढा. हायब्रिडमध्ये हलक्या ब्रेकला मोटरच गाडी थांबवते त्यामुळे डिस्क घासली जात नाही, म्हणून दोन-चारदा जरा जोरात ब्रेक मारावा लागतो, मागे कोणी नाही बघून. स्क्रीनवर एनर्जी फ्लो लावा आणि काड्या बघा. हळूहळू चढत-उतरत असतील तर छान. काही मिनिटांत वर शेवटपर्यंत आणि लगेच तळाला असं सारखं होत असेल तर पॅकची ताकद कमी झाली आहे, ब्लॉक तपासून घ्या. आठवडाभर शहरात चालवून मगच कात्रज किंवा खंडाळ्याच्या घाटात जा. आणि निघण्याआधी पीयूसी आणि इन्शुरन्सची तारीख बघा, उभ्या गाडीची दोन्ही संपलेली असतात.

प्र. पॅक बदललाच तर जुना कोणाला देऊ? भंगारवाला चांगला भाव देतोय.

भंगारात देऊ नका. जुन्या पॅकमध्येही व्होल्टेज असतं आणि हातोडीने फोडणाऱ्या माणसाच्या जीवाला धोका असतो, लिथियम असेल तर आगीचा. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, त्यामुळे जिथे नवा पॅक बसवाल तिथेच जुना जमा करा, त्याची लेखी पोच घ्या आणि बायबॅकची रक्कम मिळत असेल तर ती बिलात वजा करून मागा.